राखेत बसलेल्या राजाचा कागद

मी एक जुना छापील कागद आहे, आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा सहसा गोड बोलतात. जन्म कसा झाला, कौतुक किती झालं, मग अडगळीत कसे पडलो, असं क्रमाने सांगतात आणि शेवटी एक उसासा टाकतात. माझ्याकडे उसासा नाही. माझ्याकडे फकिरा नावाच्या एका मेंढक्याची गोष्ट आहे. दीड वर्ष त्याचं नाव धुळीला मिळालं होतं, आणि धूळ उडवणाऱ्यांत मीही होतो.

माझा जन्म दीडशे वर्षांपूर्वी एका दूरच्या थंड देशात झाला. एका कारागिराने कडक लाकडाच्या ठोकळ्यावर महिनाभर बारीक छिन्नीने चित्र कोरलं, तेही उलटं. मग ठोकळ्याला शाई लावली, माझं कोरं अंग त्यावर ठेवलं आणि वरून दाब दिला. मी सोलून निघालो तेव्हा माझ्यावर एक अख्खं शहर उमटलं होतं. खालच्या कोपऱ्यात छापखान्याच्या मालकाचं नाव आहे. ज्याने डोळे फोडून कोरलं त्याचं नाव कुठेच नाही. तेव्हापासूनच माझं डोकं जरा तापलेलं असतं.

चित्रात आहे निनवे नावाचं शहर. ही गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या पवित्र ग्रंथातली आहे. त्या शहरातली माणसं फार दुष्ट झाली होती. योना नावाच्या माणसाने येऊन बजावलं, की चाळीस दिवसांनी हे शहर पालथं होणार. राजाने ते ऐकलं आणि तो सिंहासनावरून खाली उतरला. त्याने भरजरी झगा काढला, अंगावर गोणपाट घेतलं आणि राखेत बसला. त्याच्यामागे प्रधान बसले, व्यापारी बसले, बायकापोरं बसली. राजाने असाही हुकूम काढला होता, की जनावरांनीसुद्धा काही खायचं नाही आणि त्यांच्याही पाठीवर गोणपाट घालायचं. म्हणून माझ्या उजव्या कोपऱ्यात पाच मेंढ्या उभ्या आहेत, पाठीवर जाड कापड घेतलेल्या.

एका जाडजूड ग्रंथातलं पान म्हणून मी बोटीतून आलो आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीत एका पाद्रीसाहेबाकडे राहिलो. साहेब ग्रंथातली चित्रांची पानं सुटी करून गावोगाव दाखवायचा आणि गोष्टी सांगायचा. एका पौषात तो देवगाव रंगारीच्या बाजारात आला. थंडीने त्याचे दात वाजत होते. बिरू नावाच्या एका धनगराने आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली. साहेबाला भरून आलं. "तुला काय देऊ?" त्याने मोडक्या मराठीत विचारलं. बिरूने माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो द्या. ह्यो आमचाच माणूस दिसतोय. घोंगडी पांघरून राखंत बसलाय, बाजूला मेंढरं हायेत. मेंढरांच्या अंगावर बी घोंगडी घातलीय, लई मायेचा राजा हाय."

साहेबाने डोक्याला हात लावला. ते गोणपाट आहे, तो परदेशी राजा आहे, वगैरे बरंच समजावलं. बिरूच्या कानात त्यातलं एवढंच शिरलं, की राजा चुकला आणि खाली बसला. तेवढं त्याला पुरलं. पुढे मोठमोठी माणसं माझ्यापुढे उभी राहून गेली, मित्रांनो, पण मला त्याच्याइतकं कमी शब्दांत कुणी ओळखलं नाही.

बिरूने मला फळीवर चिकटवलं आणि घरात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. घरात देव होता, मी देव नव्हतो. माझं काम वेगळं होतं. गल्लीत कुणाचं काही बिघडवलं, की बिघडवणाऱ्याने माझ्यापुढे घोंगडी अंथरून बसायचं. डोक्याचा पटका काढायचा. चुलीतली राख कपाळाला लावायची. आणि आपण काय केलं ते सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचं. 'चुकलो' एवढं म्हणून सुटका नव्हती. कधी केलं, कसं केलं, कुठून शिरलो, कुणाला हाताशी धरलं, सगळं. ज्याचं बिघडलं असेल त्याने हात देऊन उठवलं, की मगच उठायचं. या सगळ्याला ते 'राखंला बसणं' म्हणायचे. पहिला बसला खुद्द बिरूच. शेजाऱ्याचं कोकरू त्याच्या कळपात आलं होतं आणि त्याने गुपचूप त्याच्या कानाची खूण बदलली होती. विळा कोणता वापरला तेसुद्धा त्याने सांगितलं.

चार पिढ्या मी हे काम केलं. मधे कुणीतरी मला बाजारातून चौकट आणि काच करून आणली आणि ओसरीच्या भिंतीवर टांगलं. काचेवर भंडारा आणि राख यांचा थर चढत गेला. राजाचं तोंड पिवळं झालं, मेंढ्या राखाडी झाल्या. मला फार अभिमान होता त्या थराचा.

आता अलीकडचं सांगतो. बिरूच्या पणतूची बायको म्हणजे सुगंधाबाई. नवरा वारल्यावर घर तिच्यावर आलं. तिचा एकुलता एक मुलगा खंडेराव. तो वाळूजच्या कंपनीत लागला, काही वर्षं बजाजनगरात एका खोलीत राहिला, मग सुपरवायझर झाला, गारखेड्यात फ्लॅट घेतला, दाराशी चारचाकी आली. मेंढ्या गावातच राहिल्या. त्या आणि गल्लीतल्या सात-आठ घरांच्या मिळून दोनशेवर मेंढ्या फकिरा चारायचा. फकिरा साठीचा, एकटा. गल्लीसारखाच खंडेरावही त्याला लहानपणापासून तात्या म्हणायचा. कुठल्या मेंढीला कोणत्या पायात काटा रुतला होता, हे फकिराला तिच्या चालीवरून कळायचं.

दीड वर्षापूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला खंडेराव सुट्टीला गावी आला होता. त्या दिवशी दुपारी मेंढ्या रानात बाभळीच्या सावलीला वाघरीत बसवलेल्या होत्या. वाघूर म्हणजे खुंट्यांवर उभं केलेलं जाळं. फकिरा पाणी आणायला विहिरीवर गेला आणि तासाभराने आला तेव्हा मेंढ्या शेजारच्या कापलेल्या ज्वारीत होत्या. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि बुडख्यांना हिरवागार फुटवा आला होता. मित्रांनो, हा कोवळा फुटवा म्हणजे मेंढीला विषच. पोट फुगतं, तोंडाला फेस येतो आणि पाय झाडत मरते. एकतीस मेंढ्या मेल्या. त्यात गाभण अकरा होत्या.

त्या दिवशी सुगंधाबाईच्या ओसरीवर जो गलका झाला, तो मी भिंतीवरून ऐकला. फकिरा पायरीशी उभा राहून सांगत होता.

"म्या पान्याला गेलतो. खंडेराव गाडीत बसल्याले व्हते, त्यांना सांगून गेलो, जरा ध्यान ठेवा म्हणून. वाघूर म्या घट लावल्याली व्हती."

सगळ्यांनी खंडेरावकडे पाहिलं. तो खिशातला फोन काढत म्हणाला, "मी तर गाडीतच होतो. एसी लावून झोपलो होतो. मला कुणी काय सांगितलं न्हाई."

झालं. गाडीवाला माणूस खोटं कशाला बोलेल? शेजारच्या सरूबाईच्या सहा मेंढ्या गेल्या होत्या. ती ओरडली, "तात्या, झोपला व्हतास तू! वर लोकावर ढकलतूस?" कुणी म्हणालं, पिऊन पडला असेल. फकिराने जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण त्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही.

त्याला राखेला बसायला सांगितलं. घोंगडी अंथरली, राख आणली. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "केलं नाय ते कसं सांगू?" आणि निघून गेला.

आता ऐका. त्या वेळी मला त्याचाच राग आला. मोठमोठे माझ्यापुढे बसले आणि हा दोनशे मेंढ्यांचा राखणदार पाठ फिरवून जातो! माजला आहे, असं मला वाटलं. ओसरीवरच्या प्रत्येक माणसासारखंच मीही त्याला खोटा ठरवलं. चौकशी नाही, विचार नाही. कागद असलो तरी ही माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही.

फकिराकडे पुन्हा कुणी मेंढरू दिलं नाही. मेंढक्याकडून मेंढरं काढून घेतली की त्याच्याकडे उरतं काय? तो देवगाव फाट्यावरच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागला. सुगंधाबाईच्या दारावरून जाताना तो एकदा पाणी मागायला थांबला. तिने दार लावून घेतलं. तो त्यानंतर त्या गल्लीतून गेला नाही.

खंडेराव दर महिन्याला यायचा. सुगंधाबाई त्याच्यासमोर माझ्याकडे बघून बडबडायची, "ज्यानं केलं त्यानं बसायलाच पायजे. जिवाला घोर लागलाय माज्या." आणि दिवाळी झाल्यावर खंडेरावने मला भिंतीवरून उतरवलं. "माय, इथं वाळवी लागंल ह्याला. शहरात नेतो, चांगली फ्रेम करून जपून ठेवतो." माय भोळी. लेकाला पूर्वजांच्या वस्तूची कदर आहे, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

गारखेड्यात फ्रेमवाल्याने पहिलं काय केलं असेल? ओल्या फडक्याने माझी काच पुसली. चार पिढ्यांचा भंडारा आणि राख त्याने दोन मिनिटांत बादलीत पिळली आणि मोरीत ओतली. मग नवी सोनेरी चौकट आली, वर लहानसा दिवा आला आणि मी सोफ्याच्या मागे लागलो. खंडेरावची बायको निशा पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडचं अँटिक आहे. एकदम ओरिजिनल." पाहुणे चहा पीत माझ्यासोबत फोटो काढायचे. फोटोत यायला सगळे माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

एकदा निशाच्या ओळखीचे नानासाहेब आले. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी भिंग काढलं, खालची इंग्रजी अक्षरं वाचली आणि खूश होऊन टाळी वाजवली.

"खंडेराव, हा निनवेचा राजा! बायबलमधला प्रसंग आहे. फार दुर्मीळ छपाई. राजा राखेत बसला, त्याने पश्चात्ताप केला आणि देवाने अख्ख्या शहराला क्षमा केली."

"म्हणजे हे आमचं नाहीच?" खंडेरावने विचारलं.

"तुमचं कसं असेल? तुमच्या लोकांनी घोंगडी समजून घेतली असेल, हे गोणपाट आहे."

खंडेराव हसला. बऱ्याच महिन्यांनी असा मोकळा हसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला तो असा: "बसला आणि लगेच क्षमा झाली?"

"हो. लगेच," नानासाहेब म्हणाले.

पुढच्या रविवारची गोष्ट. निशा भाजी आणायला गेली होती. कुकरमध्ये मटण शिजत होतं. खंडेरावने दाराला कडी लावली. देवघरातली उदबत्तीची राख चिमटीत आणली. फरशी गार लागेल म्हणून त्याने सोफ्यावरची उशी खाली घेतली, त्यावर बसला आणि कपाळाला राख लावली. मग माझ्याकडे न बघता भराभर बोलला.

"वाघूर म्याच काढली. बाभळीकडच्या अंगाची, वरच्या दोन खुंट्या. तात्या वाळल्या रानात उपाशी ठेवतोय आन् शेजारी एवढं हिरवं हाय, म्हणलं खाऊ द्या पोटभर. फुटवा बाधतो ते इसरलो व्हतो. धनगराचा पोर आसून इसरलो. लोक हसले असते म्हणून बोललो न्हाई. चुकलं माझं."

एवढं बोलून तो उठला. कुणी हात दिला नाही, कारण तिथे कुणी नव्हतंच. त्याने तोंड धुतलं, उशी जागेवर ठेवली आणि निशा आल्यावर दोन वाट्या रस्सा जास्त घेतला. त्या दुपारी तो लहान मुलासारखा गाढ झोपला.

माझ्या अंगावरची शाई पेटते की काय, असं मला झालं. अरे गृहस्था, मला कशाला सांगतोस? तुझ्या मेंढ्या मी थोडाच चारत होतो? माझ्या ताटातून तू काय काढून घेतलंस? ज्याचं काढून घेतलंस तो तिकडे फाट्यावर लोकांची खरकटी ताटं घासतोय आणि तू बंद दाराआड उशीवर बसून मोकळा झालास! चोरून चूक केली, समजू शकतो. पण माफीही चोरून? आणि मग मला लख्ख कळलं की मला गावाहून का आणलं. वाळवीपासून वाचवायला आणलं नव्हतं. ज्याच्यापुढे बसावं लागेल तेच घरातून उचलून नेलं, म्हणजे बसायचा प्रश्नच मिटला. फकिरा खरं बोलत होता, हेही मला तेव्हाच कळलं. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

मी ओरडू शकत नाही. मी तसाच दिव्याखाली लटकत राहिलो.

यंदा दसऱ्याआधी दोन दिवस दाराची बेल वाजली. सुगंधाबाई आली होती. तिच्यामागे, चपला काढायच्या जागी, फकिरा उभा होता. दीड वर्षात तो निम्मा झाला होता. हात पांढरे पडून सुरकुतले होते, सतत पाण्यात राहून. निशाने त्याला आत बोलावलं, तो नको म्हणाला.

"खंडू, चित्र दे," सुगंधाबाई म्हणाली. "दसरा झाला की मेंढरं चराईला भायर निघत्यात. गल्लीनं ठरवलंय, फकिरा राखंला बसला तर मेंढरं त्याच्याकडंच द्यायची. दुसरा मेंढका मिळंना. आन् फकिरा बसायला तयार झालाय."

मित्रांनो, समजलं का तुम्हाला? न केलेली चूक तो कबूल करायला निघाला होता, कारण मेंढ्यांवाचून त्याचा जीव राहत नव्हता. आणि ज्याने चूक केली तो समोर सोफ्यावर बसून होता. त्याने फक्त तोंड उघडायचं होतं.

त्याने तोंड उघडलं. "बरं झालं," तो म्हणाला. "मिटून जाईल एकदाचं. ने चित्र." तो स्वतः उठला, मला खिळ्यावरून काढलं आणि निशाच्या जुन्या ओढणीत गुंडाळू लागला.  मला आजवर ज्या ज्या हातांनी धरलं, त्यांत त्याचे हात सगळ्यांत थंड होते.

तेवढ्यात फकिरा दारातून बोलला.

"खंडेराव, एक इचारू का? बसल्यावर समदं सांगावं लागतंय तोंडानं. वाघूर कुण्या अंगानं काढली, कशी काढली. मला तर ठावं न्हाई. काय सांगू मी?"

हे त्याने भोळेपणाने विचारलं की मुद्दाम, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. खंडेराव ओढणीला गाठ मारत होता. त्या रविवारी एकदा बोलून झाल्यामुळे शब्द त्याच्या जिभेवर तयारच होते. मान वर न करता तो म्हणून गेला, "सांगा, बाभळीकडच्या अंगाची, वरच्या दोन खुंट्या. हिरवं दिसलं, म्हणलं खाऊ द्या पोटभर."

गाठ अर्धीच राहिली.  स्वयंपाकघराच्या दारातून निशाने नवऱ्याकडे पाहिलं.

सुगंधाबाई हळूच सोफ्याच्या कडेला टेकली. "तू तर गाडीत झोपला व्हतास," ती म्हणाली.

"माय, मी अंदाजानं..."

"वरच्या दोन खुंट्या?"

खंडेराव काहीबाही बोलू लागला. कंपनीत ताण होता, तो दिवसच वाईट होता, मेंढ्या काय आज ना उद्या मरणारच होत्या. मग त्याला एकदम नानासाहेब आठवले. "आन् माय, हे चित्र आपलं न्हाईच! परदेशी राजा हाय ह्यो. घोंगडी बी न्हाई ती, गोणपाट हाय. आपल्या लोकांनी अडाणीपणानं धरून ठेवलं. ह्याच्यापुढं बसण्यात काय अर्थ हाय?"

सुगंधाबाईने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. ओढणी बाजूला करून राजाकडे पाहिलं.

"कुठलाबी असू दे. राजा आसून खाली बसला का न्हाई त्यो? मंग तू कोण लागून गेलास? उंद्या सकाळी सातला ये. न्हाई आलास तर मी येऊन तुज्या कंपनीच्या गेटावर बसंन."

तिने मला बगलेत मारलं आणि फकिरासोबत निघाली.  जिन्यात तो पुढे चालत होता, ती मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर गल्ली जमली होती. खंडेराव आला, गाडी लांब लावून पायी आला. घोंगडीवर बसला. या वेळी राख चुलीतली होती. त्याने सगळं सांगितलं, खुंट्यांपासून गाडीत झोपल्याच्या खोट्यापर्यंत. खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही.

पण माझा खरा संताप पुढेच होता. तो बोलून थांबतो न थांबतो तोच आजूबाजूची माणसं सुरू झाली. "आमाला तवाच वाटलं व्हतं." "तात्या खोटं बोलणार न्हाई, म्या म्हणलं व्हतं." कुणी म्हणालं होतं? मी तिथेच भिंतीवर होतो, एकानेही म्हटलं नव्हतं! आणि मग सगळे फकिराच्या मागे लागले. "तात्या, झालं ना आता? माफ केलं म्हणा. हात द्या त्याला. सणासुदीला कशाला ताणता?" म्हणजे दीड वर्ष ज्याने सोसलं, त्यानेच आता घाई करायची, कारण बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं होत होतं! माझ्यावरच्या चित्रात अख्खं शहर खाली बसलेलं आहे. इथे एकटा खंडेराव बसला होता आणि बाकीचे तमाशा बघायला आल्यासारखे उभे होते.

 फकिरा ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता.

तेव्हा सुगंधाबाई उठली. तिने मूठभर राख घेतली, कपाळाला लावली आणि लेकाच्या शेजारी बसली. "फकिरा पानी मागाया आला व्हता. म्या दार लावून घेतलं. कडी बी लावली, त्याला आवाज जाईल अशी." एवढंच बोलली. आजवर माझ्यापुढे बाई कधी बसली नव्हती. सरूबाईही येऊन बसली. "म्या पयल्यांदा वरडले. काय बघितलं नव्हतं, काय न्हाई. माजी मेंढरं मेली व्हती, कुणावर तरी वरडायचं व्हतं." मग एक म्हातारा बसला. ज्याने दारूचं उठवलं होतं, तो खाली मान घालून बसला. सगळे बसले असं मी म्हणणार नाही. काही जण फोन आल्याचं निमित्त करून सटकले. त्यांची तोंडं मला पाठ आहेत.

ऊन ओसरीवर चढलं. दहा वाजून गेले. मागच्या कोंडवाड्यात मेंढ्या सकाळपासून कोंडलेल्या होत्या, कारण त्यांना सोडणारी माणसं इथे बसली होती. एक मेंढी ओरडली, मग दुसरी, मग सगळ्याच. बसलेल्यांपैकी कुणी हललं नाही, कारण हात मिळाल्याशिवाय उठता येत नाही. सगळे फकिराकडे बघत होते.

फकिराने कोंडवाड्याकडे मान वळवली. 

"उठा!" तो ओरडला. "उठा समदे! माफी-बिफीचं मंग बघू. मेंढरं उपाशी हायेत, कळंना का तुमाला?"

त्याने कुणालाही हात दिला नाही. खांबाशी टेकवलेली कुणाची तरी काठी उचलली आणि मागच्या अंगाला गेला. कोंडवाडा उघडल्याचा आवाज आला. मग त्याची शीळ आली आणि दीडशे-दोनशे मेंढ्यांची खुरं त्याच्यामागे निघाली. कुणाच्या मेंढ्या कुणाकडे द्यायच्या, हे त्या दिवशी कुणी ठरवलं नाही. खंडेराव राख लावलेल्या कपाळाने उठला आणि पाण्याची कळशी घेऊन लांबून त्याच्यामागे गेला. फकिरा त्याच्याशी बोलला की नाही, ते मला माहीत नाही. मी भिंतीवर असतो, रानात नाही.

आता शेवटचं. अशा गोष्टीच्या अखेरीस वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मित्रांनो, माझी निगा राखू नका. माझी काच पुसायची गरज नाही, सोनेरी चौकट सुगंधाबाईने कधीच काढून टाकली आहे. मी कागद आहे, एक दिवस वाळवी खाईल, खाऊ दे. पण तुमच्यामुळे कुणाचं नाव खराब झालं असेल तर बंद खोलीत डोळे पुसून मोकळे होऊ नका. ज्याचं केलं त्याच्या दारात जा, आणि सगळं सांगा. त्याने माफ केलंच पाहिजे, असा हट्ट धरू नका. त्याला राग यायचा तेवढा येऊ द्या.

फकिराला खोटं ठरवणाऱ्यांत मीही होतो, हे मी सुरुवातीला सांगितलं. त्या सकाळी खाली बसणाऱ्यांत माझीही जागा होती, पण भिंतीवर टांगलेल्या कागदाला बसता येत नाही. म्हणून कधी, कसं, कुणासमोर, सगळं आज तुमच्यापुढे माझ्या तोंडाने सांगितलं. फकिरा भेटला तर त्याला सांगा, कागदही चुकला होता.